डोंगराला वणवा, पायथ्याशी पाडा: वर चढायचं की खाली थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल पट्ट्यात, चाळीसेक घरांचा पाडा. तीन रात्रींपासून डोंगरावर वणव्याची लाल रेघ दिसतेय आणि रोज थोडी खाली सरकल्यासारखी वाटते. निम्मी तरणी माणसं कामाला गुजरातेत गेलेली. मागे म्हातारी माणसं, पोरं, गुरं. जी पोरं गावात आहेत ती म्हणतात वर जाऊन झोडपून विझवू. म्हातारे म्हणतात दरसाल लागतो, दरसाल विझतो. तर काय करावं?

दोघांचंही अर्धं खरं आहे, पण वाद चुकीच्या गोष्टीवर चाललाय. डोंगरावरची आग विझवणं हे पाड्याचं पहिलं काम नव्हे. पाड्याची कामं तीन: आग शिवाराच्या कडेला पोचेल तेव्हा तिला खायला काही मिळू नये, उडून आलेली ठिणगी दोन-चार मिनिटांत विझावी, आणि ज्यांना पळता येत नाही ती माणसं त्याआधीच बाहेर पडलेली असावीत. हे झालं आणि माणसं उरली, तर वर जाण्याचा विचार. उलट क्रमाने केलं की काय होतं ते सातपुड्याच्या गावांना माहीत आहे. धट्टीकट्टी माणसं डोंगरावर, आणि खाली कडब्याच्या गंजीने पेट घेतलेला.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमचा पाडा डोंगराच्या तळाला आहे, मध्यावर आहे की माथ्यावर, यावर जवळजवळ सगळं ठरतं. तुम्ही पायथा म्हणताय, म्हणून मी तेच धरून लिहितो. पण धडगाव-अक्कलकुव्याकडे पाडे उतारावर आणि सोंडेवर विखुरलेले असतात. तिथे वाचणाऱ्यांनी हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये, कारण तिथे आग खालून वर येते. काडी पेटवून टोक खाली धरली की ज्योत बोटांकडे धावते, उतारावर तेच होतं: ज्वाळा वरच्या पाल्याला आधीच तापवून, सुकवून ठेवतात. ठोकताळा असा की चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. सपाटीवर माणसाच्या सावकाश चालीने सरकणारी आग २० अंशांच्या चढावर चौपट वेगाने जाते, आणि त्या चढावर माणूस मात्र सपाटीपेक्षा निम्म्या वेगानेही पळू शकत नाही. म्हणून उतारावरच्या पाड्याने आग खाली दिसली की वाट न बघता आडव्या दिशेने बाहेर पडायचं.

पायथ्याच्या पाड्याचं गणित वेगळं. दिवसा डोंगर तापतो, वारा खालून वर वाहतो, आग माथ्याकडे पळते. सूर्य कलला की उतार थंड होतो आणि गार हवा खाली उतरू लागते. त्या वाऱ्यासोबत आग पावलापावलाने खाली सरकते. ज्वाळा लहान, गुडघ्याच्या खाली, वेग कमी. तुम्हाला ‘रोज रात्री खाली येतेय’ असं दिसतं त्याचं कारण हेच, शिवाय अंधारात ती नीट दिसते हेही आहेच. अशी खाली उतरणारी आग स्वतःहून फारशी भयंकर नसते. धोका चार गोष्टींनी वाढतो, आणि त्या चारींवर नजर ठेवायची.

पहिली, जळते ओंडके आणि दगडाआड अडकलेली जळती लाकडं सुटून उतारावरून गडगडत येतात आणि आगीच्या कडेच्या कितीतरी खाली नवी आग लावतात. दुसरी, दुपारची वावटळ. चैत्र-वैशाखात आपल्याकडे दीड-दोनच्या सुमारास वावटळी उठतात, आणि वावटळ जळत्या राखेवरून गेली की सागाचं पेटतं पान उचलून लांब टाकते. तिसरी, वळवाचे ढग. मे महिन्यात गडगडाट सुरू झाला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण पाऊस पडण्याआधी ढगाखालून जो वारा सुटतो तो कुठल्याही दिशेचा असतो आणि झपाट्याचा असतो. तासभर शांत असलेली आगीची कड त्या पाच मिनिटांत पळायला लागते. ढग दिसले की डोंगरावरची माणसं खाली बोलवा. पाऊस आलाच तर उत्तम, नाही आला तर माणसं तरी खाली आहेत. चौथी, पायथा आणि घरं यांच्यामधली पडीक जमीन. जंगलात पाला जळतो तेव्हा ज्वाळा लहान असतात, पण कमरेएवढं वाळकं कुसळी गवत पेटलं की ज्वाळा माणसाच्या उंचीच्या होतात. बरीच घरं जातात ती जंगलाच्या आगीने नव्हे, या मधल्या पडिकाच्या आगीने.

म्हणून आज उजेड असताना पहिलं काम: पायथा आणि पाडा यांच्यामध्ये जाळरेषा, म्हणजे आगीला खायला काही सापडणार नाही असा उघड्या मातीचा पट्टा. वनखातं जाळरेषा जंगलाच्या आत, आगीचा हंगाम लागण्याआधी काढतं. हा हंगाम आपल्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. तुमची रेषा गावाची आहे आणि घाईची आहे, तेव्हा नवी जागा शोधत बसू नका. बैलगाडीची वाट, कोरडा नाला, बांध, नांगरलेलं वावर, जे आधीच उघडं आहे ते एकमेकांना जोडा. चाळीस घरांभोवती पूर्ण गोल काढायला तुमच्याकडे माणसं नाहीत. डोंगराकडची बाजू आणि दोन्ही टोकं आधी घ्या. टोक नेहमी न जळणाऱ्या जागेत अडकवा: नाल्याची वाळू, डांबरी रस्ता, नांगरट. मध्येच सोडलेल्या टोकाला आग वळसा घालते.

रुंदी किती? जिथे फक्त पाला आहे तिथे तीन मीटर, म्हणजे साधारण सहा हात, पुरतात. गवत उंच असेल तर आधी गवत कापून बाजूला करा आणि सहा मीटर तरी मोकळे ठेवा. ज्वाळेच्या उंचीच्या किमान दुप्पट रुंदी, हा हिशोब डोक्यात असू द्या. पण रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे रेषेत माती उघडी पडली पाहिजे. वरवर झाडलं आणि खाली कुजका पाला, गवताची मुळं, वाळलेलं शेण राहिलं, तर आग धुमसत धुमसत पलीकडे जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पेट घेते. शेणाला लोक विसरतात. गुरांच्या वाटेवर वाळलेल्या पोंचा माग असतो, आणि तो वातीसारखं काम करतो.

हत्यारं साधीच: दाताळं, फावडं, कुदळ, विळे. पाल्यासाठी पाठीवरचा ब्लोअर मिळाला तर एकच माणूस दाताळंवाल्या टोळीएवढं काम करतो. वनखात्याच्या बीटवर, म्हणजे तुमच्या हद्दीच्या वनरक्षकाकडे, असतो, मागून बघा. मात्र ब्लोअर पाल्यात चालतो, दाट गवतात नाही. आणि जळत्या कडेवर तो धरायचा तर हवा जळालेल्या बाजूकडे गेली पाहिजे. उलटा धरला की ठिणग्या तुम्हीच पुढे उडवता. पेट्रोल भरताना यंत्र बंद करून थोडं निवू द्यायचं, आणि भरायचं ते रेषेपासून लांब.

काढलेला पाला कुठे टाकायचा यात कायम चूक होते. लोक त्याचा रेषेला लागून डोंगराच्या बाजूला ढीग करतात. मग आग आली की तिथे ज्वाळा दुप्पट उठतात आणि रेषा ओलांडतात. न जळलेला पाला गावाच्या बाजूला न्या आणि पातळ पसरा, ढीग करू नका. रेषा उताराच्या तळाशी असेल तर तिच्या खालच्या कडेला वीतभर खोल चर खणून माती खालच्या अंगाला वरंब्यासारखी रचा. गडगडत आलेलं जळतं लाकूड त्या चरात अडकतं. हा चर नसेल तर पायथ्याची जाळरेषा निम्मीच कामाची.

रेषेपासून डोंगराकडे मुद्दाम आग लावून मधला पाला आधीच जाळून टाकायचा, हा जुना उपाय म्हातारे सुचवतीलच. उपाय खरा आहे, पण वनरक्षक हजर नसताना करू नका. वारा फिरला तर दोन आगी होतात. शिवाय राखीव वनात आग लावणं किंवा लावलेली आग तशीच सोडणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, आणि ‘गाव वाचवायला लावली’ हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

आता घरांकडे. घर समोरून येणाऱ्या ज्वाळेपेक्षा ठिणगीने जास्त पेटतं. ठिणगीला बसायला जागा कुठे आहे, त्या नजरेने पाड्यात एक फेरी मारा. कडब्याची गंजी, कुटाराचा ढीग, पऱ्हाटीच्या काड्या, सरपण, उकिरडा, गवती छप्पर, कुडाच्या भिंतीच्या तळाशी साचलेला पाला, कौलांच्या सांध्यात अडकलेली पानं. पत्र्याचं घर सुरक्षित वाटतं, पण पत्रा आणि भिंत यांच्या फटीत चिमण्यांच्या काड्या असतात आणि ठिणगी नेमकी तिथे शिरते. त्या फटी ओल्या मातीने लिंपा.

गंजी घराला किंवा गोठ्याला टेकून असेल तर ती हलवणं हे आजचं सगळ्यात मोलाचं काम. घरापासून १५ मीटर तरी लांब, शक्यतो नांगरलेल्या वावरात, आणि एक मोठी रचण्यापेक्षा दोन-तीन लहान, मध्ये अंतर सोडून. एक गेली तरी सगळा चारा जात नाही. हलवणं शक्यच नसेल तर वरच्या थरावर आणि डोंगराकडच्या अंगाला शेणमातीचा गिलावा द्या, किंवा ओलं बारदान टाका. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका. ठिणगीने तिला भोक पडतं, वितळलेलं प्लास्टिक आत गळतं, आणि आग आत चालू असताना बाहेरून काही कळत नाही. उकिरड्यावर मातीचा थर टाका. तो एकदा धुमसला की दोन दिवस विझत नाही.

घरांभोवती दहा मीटर झाडून काढा. काढलेल्या कचऱ्याला तिथेच काडी लावायची नाही, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण हे होतं. गॅसचं सिलेंडर रेग्युलेटर काढून डोंगराच्या विरुद्ध बाजूला सावलीत उभं ठेवा.

पाणी. भर उन्हात छपरं भिजवत बसू नका. मे महिन्याच्या उन्हात भिजवलेलं गवत बघता बघता कोरडं होतं आणि टाकी रिकामी राहते. आग जवळ आल्यावर गवती छपरं एकदा भिजवा, बाकी पाणी ठिणग्यांसाठी राखा. दुसरं, वीज राहील हे धरून चालू नका. तारा तापल्या किंवा खांब पडला की लाईन जाते, किंवा धोक्यामुळे मुद्दाम बंद केली जाते, आणि विहिरीवरची मोटर नेमकी गरजेला बंद पडते. म्हणून टाक्या, हौद, २०० लिटरचे पिंप आत्ताच भरून घ्या. पाच घरांमागे एक पिंप, त्याजवळ दोन बादल्या आणि दोन ओली बारदानं, एवढी व्यवस्था पुरते.

शेतकऱ्याच्या घरात आगीसाठी सगळ्यात चांगलं यंत्र आधीच असतं, ते म्हणजे फवारणीचा १६ लिटरचा पाठीवरचा पंप. गंजीवर पडलेली ठिणगी, कडेचं धुमसणारं लाकूड, छपराचा कोपरा, याला बादलीपेक्षा तो दहापट उपयोगी, कारण पाणी नेमकं जिथे हवं तिथे जातं. आधी दोन-तीन वेळा साबणाने धुवा. औषध राहिलेल्या पंपाचं पाणी गरम लाकडावर पडलं की वाफ नाकात जाते. तणनाशकाचा आणि कीटकनाशकाचा पंप असेल तर दोन्ही सारखेच धुवा. पाण्यात थोडी कपड्यांची पावडर टाकली की पाणी पाल्यावरून घसरत नाही, आत मुरतं. केळी पट्ट्यातल्या कुणाकडे ट्रॅक्टरवरचा एचटीपी पंप (जोराच्या दाबाचा फवारणी पंप) आणि टाकी असेल तर तो आजच बोलावून पाड्याच्या डोंगराकडच्या तोंडाशी उभा करा. त्याची नळी लांबवर जाते आणि तो विजेवर अवलंबून नाही.

केळीबाग मध्ये असेल तर तिच्यावर किती भरवसा ठेवायचा, हेही विचारलंय. हिरवी, पाणी दिलेली बाग आग अडवते. पण बुंध्याला लोंबणारी वाळकी पानं काढलेली नसतील तर कड पेटते, आणि ठिबकच्या नळ्या तर नक्कीच वितळतात. डोंगराकडच्या दोन-तीन ओळींची वाळकी पानं उतरवा, शक्य असेल तर त्या बाजूच्या नळ्या गुंडाळून आत घ्या. उभा वाळलेला गहू किंवा दादर (रब्बी ज्वारी) मात्र आडोसा नव्हे, ते थेट जळण आहे. कापायला आलं असेल तर आजच कापा.

आता कुणी बाहेर पडायचं. इथे माझा आग्रह आहे: अंधार पडण्याआधी ठरवा, अंधार पडण्याआधी हलवा. म्हातारी माणसं, गरोदर बाया, लहान लेकरं, दम्याचे आणि टीबीचे रुग्ण, अधू माणसं. यांना ‘आग जवळ आली की नेऊ’ असं ठेवलं तर ती वेळ रात्री दोनची असते, गाडी एकच असते आणि धुरात वाट दिसत नाही. खालच्या मोठ्या गावातली शाळा किंवा समाजमंदिर बघा, पोलीस पाटलाला सांगून किल्ली आधी घ्या. सोबत रोजची औषधं, आधार-रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, दोन दिवसांचं पीठ-डाळ. घरातली एक-दोन तरणी माणसं त्यांच्यासोबत जाऊ द्या. सगळे पाड्यात राहिले तर तिथे लेकरं सांभाळायला कोणी नसतं आणि मग बाया परत येतात.

गुरांसाठी एकच नियम: दावणीला बांधून सोडायची नाहीत. दुपारीच नांगरलेल्या वावरात किंवा नाल्याच्या रुंद वाळूत नेऊन ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे नांगरट झालेली असते, आणि नांगरटीसारखी सुरक्षित जागा डोंगराच्या पायथ्याला दुसरी नाही. माणसांसाठीही तीच. पण नांगरट म्हणजे उघडी माती. गव्हाचं काड उभं असलेलं वावर चालत नाही. वेळच उरली नाही तर दावी कापा आणि गोठ्याचं दार मागून बंद करा, कारण घाबरलेलं जनावर परत गोठ्यात शिरतं.

इथपर्यंतचं काम झालं असेल, म्हणजे रेषा निघाली, गंज्या हलल्या, पाणी भरलं, कच्ची माणसं खाली गेली, आणि तरी आठ-दहा दमदार माणसं मोकळी असतील, तर वर जाण्याबद्दल बोलू.

त्याआधी फोन. वनखात्याचा टोल फ्री क्रमांक १९२६, आणीबाणीचा ११२, अँब्युलन्स १०८. त्याहून लवकर काम होतं ते बीटच्या वनरक्षकाच्या आणि वनपालाच्या मोबाईलवर, ते नंबर पाड्यातल्या तिघांकडे तरी असू द्या. फोनवर ‘डोंगराला आग लागली’ एवढं सांगून उपयोग नाही. डोंगराचं नाव, माहीत असेल तर वनाचा कक्ष क्रमांक, आग उताराच्या खालच्या की वरच्या भागात आहे, कुठल्या बाजूला सरकतेय, पाड्यापासून अंदाजे किती लांब, गाडी कुठपर्यंत येते, हे सांगा. उपग्रहावरून वणव्याचे इशारे भारतीय वन सर्वेक्षण देतं, वनखात्याला ते मिळतात, आणि नाव नोंदवलं तर कुणालाही मोबाईलवर मिळू शकतात. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो, आणि त्याचा एक ठिपका म्हणजे चांगल्यात चांगला ३७५ मीटरचा चौकोन. लहान आग, दाट झाडीखालची आग सुटू शकते. इशारा आला नाही म्हणून आग नाही असं समजू नका. नगरपालिकेचा बंब डोंगर चढत नाही. त्याला पाड्याच्या कडेसाठी बोलवा, आणि फाट्यावर एक माणूस उभा करा, नाहीतर तो चुकीच्या पाड्यात जातो.

वर जायचं असेल तर वनरक्षकासोबत, आणि वेळ निवडून. दुपारी बारा ते पाच अजिबात नाही. हवा सगळ्यात कोरडी आणि वारा सगळ्यात लहरी याच वेळी. खानदेशाकडचा सातपुडा दक्षिणेला तोंड करून आहे, दिवसभर ऊन अंगावर घेतो, त्यामुळे इथला पाला दुपारी नुसता कुरकुरीत असतो. पहाटेपासून सकाळी नऊपर्यंत आग सर्वात मऊ असते. रात्रीही ती मऊ असते, पण अंधारात घसरणारे दगड, आतून पोकळ जळालेली झाडं आणि विंचू-साप दिसत नाहीत. मला विचाराल तर पहाट.

अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, चामड्याचे बूट. टेरिकॉट, नायलॉनचा ट्रॅक पँट, क्रिकेटची जर्सी नको, ते वितळून कातडीला चिकटतं. रबरी चप्पल घातलेल्या माणसाला परत पाठवा, त्याने खाली पिंप सांभाळावं. तोंडाला बांधलेला रुमाल राख अडवतो, धूर नाही. त्याच्या जोरावर कोणी धुरात थांबू नये. माणशी तीन लिटर पाणी कमीत कमी, सोबत मीठ-साखर. दारू घेतलेला माणूस कितीही मोठा असो, वर नाही.

कामाची पद्धत: आगीच्या तोंडासमोर कधीच उभं राहायचं नाही. शेपटीकडून, म्हणजे जिथे आग सुरू झाली किंवा विझली आहे तिथून सुरुवात करायची आणि एका बगलेने पुढे सरकायचं. असं केलं की एका बाजूला कायम जळून काळी झालेली जमीन राहते, आणि पळायची वेळ आली तर त्या काळ्या जागेत पाऊल टाकायचं. ती लगेच पुन्हा पेटणार नाही, कारण तिथे जळायला उरलंच नाही. आग खाली आणि आपण वर, अशा जागी काम नाही. अरुंद घळीत तर अजिबात नाही. घळ धुराड्यासारखी ओढते. एक माणूस काहीही न करता उंचावर उभा राहून फक्त आग आणि वारा बघेल. हे काम पोरांना कंटाळवाणं वाटतं, म्हणून ते समजूतदार माणसाला द्या.

झोडपायला निरगुडीच्या ओल्या, पानांनी भरलेल्या डहाळ्या घ्या. निरगुडी उन्हाळ्यातही नाल्याकाठी मिळते. डहाळी डोक्यावर उचलून आपटू नका, त्याने ठिणग्या उडतात. कडेवर दाबायची आणि काळ्या बाजूकडे ओढायची. एक पुढे दाबत जातो, दुसरा मागून राहिलेलं विझवतो, दहा-पंधरा मिनिटांनी अदलाबदल. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या, साधारण चार फूट, की डहाळीने ती आग विझत नाही. हा आकडा पक्का धरा. तिथे मागे हटून पुढच्या वाटेवर किंवा नाल्यावर तिची वाट बघायची. बांबूच्या बेटाजवळ थांबू नका. पेऱ्यात कोंडलेली हवा तापून बांबू फुटतो आणि निखारे उडतात.

कोणी अडकलंच, तर वर पळू नये. ज्वाळा लहान असतील तिथून काळ्या जागेत जावं. ते जमत नसेल तर उघड्या मातीवर, नाल्याच्या वाळूत पालथं झोपावं, तोंड मातीजवळ, वरून घोंगडी. लोकरीची घोंगडी पटकन पेटत नाही, म्हणून ती सोबत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. विहिरीत उतरू नये.

भाजलं तर थंड, वाहतं पाणी वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तेल काही नको. स्वच्छ ओलं फडकं सैल गुंडाळून दवाखाना. अंगठी, कडं सूज येण्याआधी काढा.

धुराबद्दल लोक कमी विचार करतात, आणि पायथ्याच्या गावाला धूरच जास्त दिवस सोसावा लागतो. रात्री गार हवा धूर घेऊन खाली उतरते आणि सकाळी आठ-नऊपर्यंत पाड्यावर बसून राहते. ऊन चढलं की उठतो. म्हणून लेकरांना आणि दमेकऱ्यांना पहाटे बाहेर आणू नका, दारं-खिडक्या दुपारी उघडा. रात्री एका खोलीच्या फटी ओल्या फडक्याने बुजवून, त्या खोलीत चूल न पेटवता झोपायचं. मास्क वापरायचा तर एन-९५, हिरवा-निळा साधा मास्क धुराला काही करत नाही. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, छातीत दुखत असेल, तर सकाळची वाट न बघता १०८.

आग विझली असं वाटल्यावरचे दोन दिवस गावं ढिलाई करतात. सालई-मोहाचे पोकळ बुंधे, जुनी खोडं आतून धुमसत राहतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दुपारी वाऱ्याने पुन्हा पेटतात. काळ्या जागेच्या कडेपासून आत दहा-वीस मीटरचा पट्टा फिरून बघा. हाताची मागची बाजू खोडाजवळ न्या, ऊब लागली तर माती उकरा, पाणी टाका, पुन्हा कालवा. ४८ तास पाळीपाळीने पहारा. आणखी एक गोष्ट: आगीने होरपळलेली पानं पंधरा दिवसांत गळतात आणि जमिनीवर नवा पाला तयार होतो. तीच जागा एकाच उन्हाळ्यात दोनदा जळू शकते. ‘आमच्याकडचं जळून गेलं’ हे मेच्या मध्यावर खरं राहत नाही.

नुकसान झालं असेल तर साफसफाई करण्याआधी फोटो, मग तलाठ्याला सांगून पंचनामा. गुरं, घर, चारा, ठिबक, प्रत्येकाची वेगळी नोंद लिहून घ्या. एकाच ओळीत ‘आगीने नुकसान’ लिहिलं की पुढे त्यातलं काही वेगळं मागता येत नाही.

पुढच्या वर्षासाठी दोनच गोष्टी सांगतो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, विडीच्या पानांसाठी टेंभुर्णीला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही. आपल्या भागातल्या बऱ्याच वणव्यांची सुरुवात तिथे असते, आणि ती कुणी दुष्टपणाने करत नाही, पोटासाठी करतो. नुसतं ‘जाळू नका’ म्हणून ते थांबत नाही. फुलं पडायच्या आधी पाला झाडून झाडाभोवती गोल मोकळा करायचा, किंवा खाली जुन्या साड्या, शेडनेट अंथरायचं. फुलं स्वच्छ मिळतात आणि वाळवलेल्या मोहाला भाव बरा मिळतो. दुसरी, गावची जाळरेषा जानेवारीत काढायची, सागाची पानं पूर्ण गळायच्या आत एकदा आणि होळीच्या आधी दुसऱ्यांदा झाडायची. वन समिती असेल, सामूहिक वनहक्क मिळालेला असेल, तर त्या बैठकीत हे काम लिहून घ्या. ज्यांना वनात हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत करणं कलम ७९ प्रमाणे बंधनकारक आहे, तेव्हा बोलावल्यावर जावं तर लागणारच. मग दाताळी, ब्लोअर आणि बूट आधीच मागून घेतलेले बरे.

आणि डोंगर जळलाच असेल तर जूनमध्ये पहिल्या दोन पावसांचं नाल्याचं पाणी पिण्याला घेऊ नका, गुरांनाही शक्यतो विहिरीचं पाजा. उघड्या उतारावरून राख आणि माती सोबत येते, आणि पूर नेहमीपेक्षा लवकर चढतो. नाल्याच्या काठावर ठेवलेली मोटर आणि पाइप पावसाआधी वर उचलून घ्या.